हवेचं रीळ

मेश्रामकाकांची करंगळी डाव्या कानामागे गेली की मी समजायचे, कॅमेऱ्यात रीळ नाही.

समोरच्या माणसाला ते कळायचं नाही. तो बिचारा केस ओले करून, भांग पाडून, छाती पुढे काढून उभा असायचा. कॅमेरा घरघरत असायचा, काका एक डोळा मिटून "वा भैया, बहुत बढ़िया! जरा और!" म्हणत असायचे, आणि आत फिल्मच्या नावानं भोपळा. चावी भरून चालणारा कॅमेरा होता तो. एका चावीत अर्धा मिनिट चालायचा, मग पुन्हा चावी. अशा दोन-तीन चाव्या रिकाम्या फिरल्या की समोरचा कंटाळायचा. "हो गया साब?" विचारून खांदे पाडायचा, बिडी काढायचा, नाहीतर निमूट आपल्या कामाला लागायचा. मग काका पाठ फिरवून पिशवीतून रीळ काढत, कॅमेऱ्यात भरत आणि कोणाला न सांगता खरं चित्रण सुरू करत.

"माणूस आधी दाखवते, मंग जगते," ते म्हणायचे. "दाखवायची हौस हवेच्या रिळावर फिटून जाऊ द्या, बाई. फिल्म जगण्यासाठी ठेवायची."

हवेचं रीळ हा त्यांचाच शब्द. कानामागची करंगळी ही माझ्यासाठी ठरवलेली खूण. मी तेव्हा हसू दाबून वहीत डोकं घालायचे, दुसरं काय करणार!

सुखदेवराव मेश्राम, मुक्काम घमापुर. वडील विदर्भातून कारखान्याच्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. काकाही आधी कारखान्यात फिटर होते. तिथल्या समारंभांचे फोटो काढता काढता कॅमेऱ्याच्या नादी लागले, आणि घरच्यांनी डोक्याला हात लावला तरी नोकरी सोडून सरकारी खात्यांसाठी दहा-दहा मिनिटांचे माहितीपट करू लागले. लसीकरण, शेतीची खतं, कुटुंब लहान ठेवा, असलं सगळं. खात्याची जीप गावात जायची, चावडीपुढे पांढरी चादर बांधली जायची आणि त्यावर हे सिनेमे दाखवले जायचे.

मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायचे. आमचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत सागरकडून आलेलं. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. मराठी उंबऱ्याच्या आत, हिंदी उंबऱ्याबाहेर. काकांना हिंदीत निवेदन लिहून देणारं आणि ते स्वच्छ आवाजात बोलणारं कोणीतरी हवं होतं. त्यांच्या मुलीला मी शिकवत होते, म्हणून ते एका रविवारी आमच्या दारात येऊन उभे राहिले.

दारात आईची रांगोळी होती. रोजची एकच, तिच्या माहेरची: मध्ये पाच ठिपके आणि दोन बाजूंना एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन कोयऱ्या. काका ती ओलांडेनात. चप्पल हातात घेऊन कडेनं, भिंतीला अंग घासत आत आले. आईनं चहा केला. आम्हा सगळ्यांना कपबशीत, आणि त्यांना काचेच्या ग्लासात. का, ते मला कळलं, त्यांनाही कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. काका चहा प्याले आणि म्हणाले, "माय, रांगोळी लई नेटकी आहे. एक रेघ हालून नाई राहिली." आईनं त्यानंतर त्यांना कायम कपबशीतच चहा दिला. पण पहिला ग्लास तो ग्लास. तेव्हा मी गप्प बसले, आणि गप्प बसायची सवय एकदा लागली की लागते.

पुढची बारा-तेरा वर्षं मी सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंडले. माणूस अंगानं काटक, शर्टाला चार खिसे शिवून घेतलेले, चौथ्या खिशात कायम फुटाणे. चालता चालता थांबायचे आणि कोणाच्याही हाताकडे टक लावून बघायचे. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. "चेहरा शाळा शिकलेला असते, बाई. हात अडाणी असते, खरं बोलते." त्यांच्या सिनेमात म्हणूनच चेहरे कमी आणि हात फार. खात्याचे साहेब वैतागायचे. काका मान डोलवायचे आणि पुन्हा हातच टिपून आणायचे.

नाटक त्यांना वर्ज्य होतं असं मुळीच नाही. लोकांना वाटतं, माहितीपट म्हणजे जे घडलं ते तसंच्या तसं. डोंबल! खरी गोष्ट घडते तेव्हा कॅमेरा पिशवीत असतो, किंवा सूर्य ढगात. मग सांगावं लागतं, "दादा, ते पुन्हा एकदा करा." काका बिनदिक्कत सांगायचे. पण त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता: ज्याचं काम, त्याचाच हात. माणूस रोज जे करतो ते त्याला पुन्हा करायला लावा, शंभरदा लावा. पण जे तो करत नाही ते करायला लावायचं नाही, आणि एकाच्या जागी दुसऱ्याला बसवायचं नाही.

रिछाईतल्या एका कारखान्यात या नियमापायी अर्धा दिवस गेला होता. मालकानं कामगारांना नवेकोरे निळे कपडे शिवले होते आणि जेवणाच्या सुटीचं दृश्य म्हणून टेबलांवर चादरी अंथरून मध्ये झेंडूची फुलं ठेवली होती. माणसं फुलांसमोर ताठ बसलेली, डबा कोणी उघडेना. काकांची करंगळी गेली कानामागे. हवेचं रीळ फिरलं, एक चावी, दोन चाव्या, तीन. मालक खूष होऊन चहाला गेले. ते दिसेनासे होताच एक म्हातारा कामगार उठला, चादरीवरून डबा उचलला आणि रोजच्या जागी, यंत्राच्या सावलीत, जमिनीवर जाऊन बसला. त्याच्यामागे सगळे. एकानं दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं पळवलं. तेवढ्यात काकांनी रीळ भरलं होतं. तो लोणचं पळवणारा हात पुढं पडद्यावर पाहताना सगळे कामगार ओरडले, "अरे, ये तो मिश्रा है!" चेहरा दिसत नसूनही ओळखला त्यांनी.

आणि पाण्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. आवाज मागाहून एका खोलीत बसून घालायचे. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी, आग कागद चुरगाळून. नावेच्या वल्ह्याचा आवाज हवा होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुसलमान चाचांनी नळाखाली टब भरून ठेवला. काका म्हणाले, "नाई." आणि सायकलला दोन डबे अडकवून ग्वारीघाटाला गेले, नर्मदेचं पाणी घेऊन आले. चाचा कपाळ बडवत म्हणाले, "अरे मेश्रामजी, पानी तो पानी होता है!"

"नहीं चाचा," काका टबात पाणी ओतत म्हणाले, "नल का पानी चुगली कर देगा."

मी खूप हसले. परतताना विचारलं, "काका, करवंट्या चालतात, मग नळाचं पाणी का चालत नाही?"

ते गंभीरपणे म्हणाले, "काहीतरी एक खरं पायजे, बाई. सगळंच खोटं असलं तर रविवारी मी विहारात काय तोंड घेऊन जाऊ?"

हे थट्टेनं नव्हतं. दर रविवारी घमापुरच्या विहारात ते पंचशील म्हणायचे. पाचातल्या चौथ्याशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाशी, त्यांचं कायम भांडण. "बाकीचे चार आपल्याकून पाळले जाते. दारू नाई, चोरी नाई. चौथं मात्र या धंद्यात रोज अडते. रोज त्याले समजावून सांगा लागते, की बाबा, हात तर खराच आहे ना." त्यांची बायको, शांताकाकू, स्वयंपाकघरातून ओरडायची, "हो, आन् मले सहा वाजता येतो म्हणून सांगता अन् नऊले येता, ते कोणतं शील?" काका फुटाणे काढून तिच्या हातावर ठेवायचे.

असा हा माणूस. आणि त्याचा नियम मी मोडायला लावला. लावला म्हणजे काय, मीच मोडला.

बरगीच्या धरणात पाणी चढू लागलं तेव्हाची गोष्ट. काठच्या गावांनी घरं सोडायला सुरुवात केली होती. एका खात्याला त्यावर दहा मिनिटांचा सिनेमा हवा होता: धरण, वीज, कालवे, आणि शेवटी गावकरी नव्या वस्तीकडे निघाले आहेत असं भावपूर्ण दृश्य. 'भावपूर्ण' हा साहेबांचा शब्द. आम्ही जीपनं पोचलो तेव्हा निम्मं गाव उठलेलं होतं. कौलं उतरवलेली, दारांच्या चौकटी काढून ट्रॉलीवर चढवलेल्या. शेवटच्या घरांपैकी एक केवटांचं, म्हणजे नावाड्यांचं होतं. मुलगा नावेवर, सून सामान बांधत होती, तिच्या कडेवर लहान पोर. आणि सासू चुलीपाशी बसलेली. फुलमती तिचं नाव, गाव तिला अम्मा म्हणायचं.

सुनेनं सांगितलं ते असं. त्यांच्या घरात रीत होती, की घर कायमचं सोडताना चूल थोरल्या बाईनं आपल्या हातानं विझवायची. ओंजळभर नर्मदेचं पाणी विस्तवावर घालायचं, हात चुलीवर ठेवायचा, मग चुलीच्या तोंडाच्या मातीचा एक लपका, म्हणजे ढेकूळ, काढून पदरात बांधायचा. नव्या घरची चूल त्या मातीनं सुरू होते. आणि जुनी चूल पुन्हा कोणी पेटवायची नाही; माणूस गेल्यावर त्याला उठवतात का, तसं.

काकांचे डोळे लकाकले. ते अम्मापुढे उकिडवे बसले. "अम्मा, जो करना है, जैसे करना है, करके दिखाओगी?"

"अभई करें?" तिनं विचारलं.

"हाँ अम्मा, अभी," काका म्हणाले, आणि त्यांची करंगळी कानामागे गेली.

सवयीनं गेली. इतक्या वर्षांत कोणी पहिल्या फेरीत खरं काही केलंच नव्हतं. अम्माही आधी दाखवेल, लाजेल, पदर सारखा करेल, सुनेकडे बघून हसेल, मग रीळ भरू. दोघांनाही तसंच वाटलं होतं. पण त्या बाईला तालीम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. तिनं विचारलं, अभई करें? आणि आम्ही हो म्हणालो.

तिनं पाणी ओतलं. चूल फस्सकन् बोलली, राख उडाली. तिनं गोंदलेला हात चुलीवर टेकला आणि तिथंच ठेवला. ती रडली नाही. ती चुलीला काहीतरी सांगत होती, ओठ हलत होते. दारातून ऊन आत आलं होतं, बरोबर हातावर. असं ऊन मागून मिळत नाही. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, गालावरचा रंग उतरलेला. त्यांना कळलं होतं. पण ते थांबले नाहीत. मध्येच रीळ भरायला पाठ फिरवली असती तर तिनं वर पाहिलं असतं. चावी संपली, त्यांनी पुन्हा भरली. अम्मा मातीचा लपका काढून पदराला गाठ मारून, भिंतीला धरत बाहेर जाईपर्यंत तो रिकामा कॅमेरा घरघरत राहिला.

मग त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.

बाहेर जाऊन त्यांनी हात जोडले. "अम्मा, एक बार और."

अम्मा हसली. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "अब का बुझाऊँ, बेटा? बुझ तो गओ."

ट्रॉली निघून गेली. साहेब घड्याळ बघत होते. दोन दिवसांत इथं पाणी येणार, पुन्हा जीप मिळणार नाही. म्हणाले, "हाथ ही तो चाहिए. किसी का भी ले लो." काका म्हणाले, "नाई. ज्याचं काम त्याचाच हात. सिनेमा हाताबिगर होईन." ते पिशवी आवरायला लागले.

आणि मी बोलले. शहाणी ना मी! म्हणाले, "काका, चूल खरी आहे, घर खरं आहे, राखसुद्धा खरी. माझे हात घ्या. ती बाई जे करून गेली तेच मी करते. ते कोणालाच कधी दिसणार नाही, त्यापेक्षा हे बरं नाही का? एवढं मोठं खरं सांगायला एवढंसं खोटं, काय बिघडलं?" वर्गात मुलींना गप्प करायची माझी हातोटी होती, तीच वापरली. काका पिशवी आवरायचे थांबले. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या आहा, बाई. मले नाई समजत." आणि कॅमेऱ्यात रीळ भरलं.

चूल ओली होती. तीनदा रॉकेल टाकलं तेव्हा पेटली. जिथून अम्मानं लपका काढला होता तिथं मी अंगणातली माती थापली. बांगड्या काढल्या, हातांना राख फासली. राहिलं गोंदण. अम्माच्या मनगटावर काहीतरी दाट गोंदलेलं होतं. आत्ता पाहिलेलं, पण आठवेना. मी काजळाची डबी काढली आणि घाईत, हात ज्याला सरावला होता तेच काढलं: पाच ठिपके, दोन कोयऱ्या.

पाणी घातलं, हात ठेवला. या वेळी करंगळी कानामागे गेली नाही.

सिनेमा गाजला. त्या दृश्याला दिल्लीत कुठलंसं पदक मिळालं. ते साहेबांच्या खोलीत लागलं. निवेदन मीच केलं होतं: इन हाथों ने उमर भर यह चूल्हा जलाया. हात माझे, आवाज माझा, रांगोळी आईची. अम्माचं त्यात काहीच नव्हतं. जबलपूरच्या खेळाला टाळ्या पडल्या तेव्हा काका शेजारच्या खुर्चीवर नव्हते. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून हात धूत होते. मला म्हणाले, "मी हो काहून म्हटलं तिले? 'अभी' काहून म्हटलं?" माझ्या हातांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी हवेचं रीळ फिरवणं बंद केलं, आणि पुढे दोनेक वर्षांत कॅमेराच बंद केला. घमापुरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायला बसले.

मग खूप वर्षांनी सरोज आली.

काकांना तोवर मोतीबिंदूनं आणि आणखी कशाकशानं फारसं दिसेनासं झालं होतं. शांताकाकू गेली होती. मी रविवारी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचे. दारात पंचविशीची एक मुलगी उभी राहिली, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. म्हणाली, नव्या वस्तीतल्या शाळेत कोणीतरी जुना सिनेमा दाखवला, त्यावर तुमचं नाव होतं. आमचं घर दिसलं, काका. भिंतीतला कोनाडा, चूल. आणि दादीचे हात. ती, म्हणजे तेव्हाचं सुनेच्या कडेवरचं पोर. फुलमती अम्मा नव्या वस्तीत दुसऱ्याच पावसाळ्यात गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता, कोणीच कधी काढला नव्हता. "वो हाथ वाला फोटो निकाल के दे सकते हैं क्या?"

काका सावरून बसले. "बैठो बेटी," ते म्हणाले. "एक बात बतानी है."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. "देंगे बेटा," मी म्हणाले. "जरूर देंगे."

तिच्या तोंडाकडे बघून मला दुसरं बोलवेना, हे खरं. पण मला स्वतःलाही वाचवायचं होतं, हेही तितकंच खरं. ती गेल्यावर काका म्हणाले, "बाई, सांगू द्या लागत होतं." मी म्हणाले, "काय मिळालं असतं काका? तिच्याकडे काहीच नाही. हे तरी असू द्या."  फोटो मीच काढून घेतला, चौकट लावून दिला.

सहा-सात महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. लग्न ठरलं होतं. काकांच्या पाया पडली आणि मनगट पुढं करून म्हणाली, "काका, देखो. दादी वाला गोदना. मेले में गुदवाया, फोटो दिखा के. शादी में दादी साथ रहेगी."

काकांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग माझ्या बाजूला तोंड वळवलं. "बाई, काय गोंदलं तिनं? मले दिसून नाई राहिलं."

 सांगावं तर लागणारच. "पाच ठिपके," मी म्हणाले. "आणि... दोन कोयऱ्या."

 त्यांचा अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरला. मग हळूच म्हणाले, "ही तर तुमच्या मायची रांगोळी आहे."

सरोजला मराठी येत नाही. ती माझ्याकडे हसून बघत म्हणाली, "क्या कहा काका ने?"

इतकी वर्षं मी मुलींना हिंदी शिकवली. कोणत्या शब्दाला कोणता शब्द, माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी म्हणाले, "कहते हैं, बहुत सुंदर बना है."

काकांनी तिचा हात सोडला. मराठी त्यांना येत होती आणि हिंदीही. मी काय केलं ते त्यांनी स्पष्ट ऐकलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी रहो" म्हणाले. मला खोटं पाडलं नाही. ग्लासातला चहा प्यावा तसं तेही पिऊन टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सरोज नवऱ्याबरोबर आली होती, मनापासून रडली. नमस्काराला हात जोडले तेव्हा तिच्या बांगड्या मागे सरकल्या आणि मी पदराशी चाळा करत दुसरीकडे बघितलं. ती अजून इथंच आहे. बाजारात भेटली की वाकून नमस्कार करते, आता तिलाही मुलगी आहे. मी दर वेळी ठरवते की आज सांगायचं. भाजीचे भाव विचारून घरी येते. इथं मराठीत लिहून टाकते आहे. तिला मराठी वाचता येत नाही, हे माहीत असूनच लिहिते आहे, हेही सांगून टाकते.

काकांना मी शेवटचं उभं पाहिलं ते जायच्या महिनाभर आधी, वैशाख पौर्णिमेला, घमापुरच्या विहारात. त्यांच्या मुलीनं खिरीला बोलावलं होतं. मी उशिरा पोचले आणि चपलांच्या राशीपाशी उभी राहिले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पंचशील म्हणत होती. काका खांबाला टेकून उभे होते, हात जोडलेले, पांढरा सदरा, त्याला चार खिसे. पहिलं शील त्यांनी इतरांपेक्षा वरच्या पट्टीत म्हटलं. दुसरं, तिसरं तसंच. चौथं आलं. सगळा विहार एका आवाजात म्हणत होता, आणि काकांचे ओठ मिटलेले. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, दिसतही नव्हतं. जोडलेल्या हातांतला डावा हात तेवढा सुटला, वर गेला, आणि करंगळी डाव्या कानामागे जाऊन थांबली. चौथं संपेपर्यंत ती तिथंच होती.

मग हात पुन्हा जोडून त्यांनी पाचवं खणखणीत आवाजात म्हटलं.